मी घुमटावरून उतरले नाही

"नाक घास," पाटील म्हणाला. माझ्या बापाने घासलं. दर्ग्याच्या पायरीवर, अख्ख्या उरुसासमोर. उठला तेव्हा नाकाची साल निघालेली.

गुन्हा काय? मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात शेकडो वर्षांचा दर्गा आहे. उरुसाआधी त्याच्या घुमटाला चुना लावायचं काम आमच्या घराकडे. आम्ही बौद्ध. आणि संदलाचं, म्हणजे दर्ग्यातल्या बाबाच्या मजारीवर, कबरीवर चढवायच्या चंदनाचं, पहिलं ताट पाटलाच्या डोक्यावर. त्या वर्षी मिरवणूक लवकर निघाली. पाटील ताट घेऊन दारात, आणि बाप घुमटावर, दोराला धरून शेवटचा हात मारतोय.

"माह्या डोक्यावर पाय देतं काय रे?" एवढंच निमित्त.

मी नववीत होते. दोराचं खालचं टोक माझ्या हातात. कोणी मधे पडलं नाही. दर्ग्याची देखभाल करणारे मुजावरचाचाही नाही. बाप घरी येऊन निमूट जेवला. मला तेच सहन झालं नाही, तो जेवला.

यंदा बापाचे गुडघे गेले. म्हटलं, मी चढते. भावाची पँट घातली, कंबरेला दोर बांधला. सकाळपासून मुद्दाम हळू हात चालवला. ताशे जवळ आले तेव्हा अर्धा घुमट बाकी होता.

आमच्याकडे निघालेला संदल मागे वळत नाही, आणि ताट मजारीपाशी पोचेस्तोवर खाली टेकत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पाटलालाही.

"खाली उतर वं."

"काम बाकी आहे."

"माह्या डोक्यावर उभी राहतं?"

"मी तं बाबाच्या डोक्यावर उभी आहो. त्याईले चालते. तुमाले काहून नाही?"

ताशे थांबले. म्हातारा पाटील उन्हात, ताट डोक्यावर. मी कुंचा बुडवला, लावला. पुन्हा बुडवला. शेवटी मुजावरचाचाच म्हणाले, "पाटील, संदल रुकत नसते. अंदर चला."

तो वाकला आणि माझ्या पायाखालून आत गेला. मला आनंद झाला. लपवत कशाला?

घरी बाप म्हणाला, "झालं नं पोरी. सोड आता."

नाही सोडणार. पाटलाने माझ्या बापाची माफी मागायची. भर उरुसात, सगळ्यांसमोर. तोवर दर संदलाला मी वर असणार. तो मेला तर ताट त्याच्या पोराच्या डोक्यावर येईल. मी त्यालाही सोडणार नाही.