मास्तर आणि मधलं पाणी

फाटकं जाळं शिवायला चौघं बसलो की कुणीतरी म्हणतंच, "आपले मास्तर असते तर..." मग जाळं तसंच राहतं आणि गोष्टी सुरू होतात. मी तिसरीतूनच शाळा सोडून होडीवर गेलो. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मास्तर साताऱ्याकडचे. नोकरीसाठी वसईच्या खाडीकाठी आमच्या चौक गावात आले आणि रिटायर झाल्यावरही इथेच राहिले. आले तेव्हा पक्के शाकाहारी. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, एकदा शेजारणीचं बघून बोंबलाचं कालवण केलं. मास्तर ताटात बराच वेळ बोट फिरवत बसले.

"याला काटाच लागत नाही."

"नाहीच लागत," बाई म्हणाल्या.

"मग ही भाजीच! वाढ अजून."

*

मास्तर भ्यायचे ते फक्त पाण्याला. शाळा किनाऱ्यावर, पण उभ्या नोकरीत त्यांनी होडीत पाय ठेवला नाही. आमची होडी हाकणारा तांडेल पास्कू त्यांचाच विद्यार्थी. तो मुद्दाम हाक मारायचा, "मास्तर, चला, वसई दाखवतो!"

"दिसते की इथून."

"आगगाडीनं पुलावरनं जाता, तवा भ्या न्हाय वाटत?"

"पुलाला खांब असतात. तुझ्या होडीला काय आहे?"

"मी हाय ना!"

"म्हणूनच!"

*

एकुलती मुलगी कमल. तिला दिली समोरच, खाडीपलीकडे वसईला. वऱ्हाड होडीतून वाजतगाजत निघालं आणि मास्तर छत्री घेऊन एकटेच भाईंदर स्टेशनकडे चालू लागले!

तिकडे मुहूर्त जवळ आला. भटजी ओरडताहेत, "मुलीचे वडील कुठे आहेत?"

पास्कू म्हणाला, "येतायत. खांबाखांबानं!"

*

लग्नानंतर रोज दिवेलागणीला कमल पलीकडच्या किनाऱ्यावर येऊन कंदील हलवायची. इकडून मास्तर हलवायचे. मग घरी जाऊन बाईंना सांगायचे, "बरी आहे."

एकदा बाईंनी विचारलं, "कंदिलावरून कसं हो कळतं?"

"सर्दी झाली की हळू हलवते."

*

मग लढाई आली, ब्लॅकआउट आला. किनाऱ्यावर दिवा दाखवायला बंदी. कमल तेव्हा गरोदर होती. मास्तरांचे गुडघे गेलेले, स्टेशनपर्यंत चालणं संपलेलं. तरी ते रोज किनाऱ्यावर येऊन अंधारात उभे राहायचे. घरी गेल्यावर बाई काही विचारायच्या नाहीत, तेही काही सांगायचे नाहीत.

एका सकाळी पलीकडून निरोप आला, कमलला मुलगी झाली. आम्ही होडी पाण्यात लोटत होतो. बघतो तर मास्तर धोतर खोचून वाळूतून येतायत, मागे बाई.

"पास्कू, मी बसतोय."

कुणी हसलं नाही. पास्कूने त्यांना लहान मुलासारखं उचलून होडीत ठेवलं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. एका हातात बाईंचा हात, दुसऱ्यात माझा दंड. माझा दंड काळानिळा झाला.

होडी वसईला लागली. मास्तर उतरले आणि वळून बघायला लागले. मागे आमचं चौक दिसत होतं, चर्चवरचा क्रूससुद्धा.

"पास्कू, एवढंच होतं रे हे पाणी?"

पास्कू खाली मान घालून दोर गुंडाळत होता. म्हणाला, "न्हाय मास्तर. लय असतं. आज ओहोटी हाय ना, म्हून."

तेव्हा पुरी भरती होती.