मानिवोनताईंचा नमुना

थायलंडच्या सीमेलगत, सावन्नाखेतच्या आमच्या दवाखान्यात मी केसपेपर काढते. शेजारच्या खोलीतल्या प्रयोगशाळेत मानिवोनताई. रुग्णांच्या लघवीतले, जखमेतले जंतू त्या काचेच्या बशीत वाढवतात, वर औषधांच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या चकतीभोवती जंतू वाढले नाहीत ते पट्टीने मोजतात. कुठलं औषध निकामी होत चाललंय, याचा तक्ता दरमहा राजधानीला जातो. बारा वर्षं हेच. माणसं त्यांच्याकडे नंबर होऊन येतात.

मला त्यांचा धाक वाटायचा, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही. नवरा गेलेला, मुलगी थायलंडला. दुपारी त्या एकट्या चिकट भाताची टोपली उघडायच्या आणि मी मुद्दाम लांबच्या बाकावर जाऊन बसायचे.

यंदा त्यांना ताप भरला, कंबर धरली. त्यांनी स्वतःचाच नमुना लावला. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. बशी दुधाळ झाली होती. गोळ्यांच्या एकाही चकतीभोवती मोकळी जागा नव्हती. फक्त इंजेक्शनच्या एका औषधाभोवती होती.

"भर बाई इस्पितळाचा फॉर्म, नोय," त्या म्हणाल्या.

"याआधी कुठली औषधं घेतलीत?"

"लाल-काळी कॅप्सूल. दोन-दोन. चारेक वर्षं, अधूनमधून."

मी पेनच खाली ठेवलं. "ताई, तुम्ही? सुट्या गोळ्यांनीच औषधं निकामी होतात म्हणून अख्ख्या गावाला फाडून खाता की!"

"खाते तर."

"मग?"

"चंथाच्या औषधाच्या दुकानासमोर बाक आहे ना, संध्याकाळी तिथे बायका बसतात. रिकाम्या हाताने किती वेळ बसणार? म्हणून म्हणायचं, अंग दुखतंय. चंथा कात्रीने पट्टीतल्या दोन कॅप्सूल कापून द्यायची आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची. 'घे माझ्यादेखत, फेकून देशील मेली.' आता तूच सांग, माझ्यासाठी दुसरं कोण उभं राहतं असं?"

शरमेने मी फॉर्मवरच नजर ठेवली. बरं व्हायचं तर इंजेक्शनं घेत दहा दिवस मोठ्या इस्पितळात राहायला हवं होतं, नाहीतर मूत्रपिंड जायचं. आणि आमच्याकडे रुग्णाचं जेवणखाण, अंग पुसणं घरच्यांनीच करायचं असतं. सोबत कोणी नसेल तर इस्पितळवाले खाटच द्यायला कुरकुरतात.

"सोबत कोण?" मी विचारलं.

"मुलीला सुट्टी मिळत नाही. राहू दे तो रकाना."

मी तिथे माझं नाव लिहिलं. कागदोपत्रीचं, पूर्ण; नोय हे नुसतं हाकेचं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"ही वोंगदुआन कोण?"

"मी, ताई."