ढाणकीच्या पलीकडची रिकामी खाट

रविवारी नातीचा फोन आला आणि तिच्या एका वाक्यानं माझी झोप गेली. वैष्णवी आठवीत आहे. ढाणकीच्या पुढं, जंगलाच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथं राहते. रविवारी गृहपाल मॅडमचा मोबाईल खोलीखोलीतून फिरतो, प्रत्येकीला पाच मिनिटं. ती म्हणाली, "आबाजी, आमच्या खोलीत एक खाट रिकामी हाय. मॅडम रोज तिची चादर झटकते, पण तिच्यावर झोपत कोनीच नाही." तेवढ्यात फोन पुढच्या पोरीकडं गेला.

तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि वैष्णवीनं मोबाईलवर वसतिगृहातल्या भुतांचे अकरा सिनेमे पाहिले. सगळे परदेशी, पण हिंदीत बोलणारे. शाळा गावापासून दूर असते, जायला एकच रस्ता असतो. एक खोली कुलपात असते, एक खाट रिकामी असते. मोठ्या बाईला सारं ठाऊक असतं आणि ती येणाऱ्याला आधी चहा पाजते. पोरगी घरी सांगते, घरचे हसतात, आणि पाऊण सिनेमा झाल्यावर धावत सुटतात. मी सातवी शिकलेला माणूस, पण एवढं मला कळतं. मी हसलो नाही. पिशवी भरायला घेतली.

माझा मुलगा दिलीप, म्हणजे वैष्णवीचा बाप, अडवील असं वाटलं होतं. पण यंदा बोंडअळीनं बोंडं अर्धीच उमलली होती. कापूस आतच चिकटून बसलेला. वेचणाऱ्या बाया वावराच्या धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, पाहत आणि निघून जात. दिलीप म्हणाला, "बाबा, चाल्लेच हा तर तिले घेऊनच या. वेचाले हात नाही." त्यानं तिथंच अर्ज लिहिला: मुलीची आजी अत्यवस्थ आहे, तरी पंधरा दिवस घरी सोडावे. ती आजी, म्हणजे माझी बायको शांता, तेव्हा अंगणात तिखट कुटत होती आणि ठसक्यानं आम्हालाच शिव्या घालत होती. मी अर्ज सदऱ्याच्या खिशात घातला. भुताच्या शाळेतून पोरगी काढायची तर कागद लागणारच.

ज्यांना त्या बाजूला जायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बाभुळगावहून यवतमाळला सकाळपासून गाड्या आहेत. यवतमाळहून आर्णी, महागाव करत उमरखेड, तीन-साडेतीन तास. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, पण ओळखपत्र हातातच ठेवा. माझ्याकडं कंडक्टरनं दोनदा मागितलं. का मागितलं ते अजून कळलं नाही. आर्णीच्या स्टँडवर आलुबोंडा आणि वरून तर्री खाल्ली. तेल जुनं असेल म्हणून मी आधी वास घेतला, तर गाडीवाला म्हणाला, "काका, बोंडा हाय, अत्तर नोहे." बोंडा चांगला होता.

खिडकीतून दोन्ही बाजूंना वावरं दिसत होती. एरवी या दिवसांत पांढरी फक्क दिसतात. यंदा ठिपके ठिपकेच. आणि त्यांच्यात शाळेच्या निळ्या गणवेशातल्या पोरी वाकलेल्या. मी मोजल्या नाहीत, नुसतं पाहिलं. तेव्हा माझं ध्यान खाटेकडं होतं.

उमरखेडला लॉजवर मुक्काम केला. चादर धुतलेली होती, पण कडी ढिली. दाराला खुर्ची टेकवून झोपलो. सकाळी ढाणकीची गाडी मिळाली, आणि ढाणकीच्या चौकातून पुढं काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं घाईत जाऊ नका. माझ्या शेजारी भाजीची टोपली घेतलेली एक बाई होती. तिला विचारलं, "त्या शाळेबद्दल काही आयकू येते काय?"

"काय आयकू येईन?"

"म्हंजे, रडण्याचा आवाज वगैरे."

"पोट्ट्या हाय, रडन नाही त काय करन?" ती म्हणाली आणि ड्रायव्हरकडं वळली. "याले फाट्यावर उतरव रे. लय चौकशा करून राह्यला."

फाट्यापासून शाळा वीस मिनिटं चालत. सागाची झाडं, पानं पायाखाली कडकड वाजणारी, आणि रस्ता एकच. मी फाटकातून लगेच आत गेलो नाही. आधी इमारतीला बाहेरून वळसा घातला. मागच्या बाजूला एका खोलीला कुलूप होतंच. खिडकीच्या फटीतून पाहिलं. पत्र्याच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं एका पोरीचं नाव. अकराही सिनेमांत इतकं उघड कोणी ठेवलं नव्हतं.

गृहपाल राठोड मॅडम चाळिशीच्या. डोळ्यांवर चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मला बसवलं आणि आधी चहा मागवला. मी बशीत ओतून निवू दिला, पण प्यायलो नाही.

"आजोबा, अर्ज आणला असन," त्या म्हणाल्या.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. "तुमाले कसं माहीत?"

त्यांनी एक फाईल माझ्यापुढं सरकवली. "वाचा."

मी अक्षर लावत लावत वाचलं. पहिल्या अर्जात आजी अत्यवस्थ. दुसऱ्यात आजी सिरीयस. तिसऱ्यात आजीला शेवटचं पाहायचं आहे. सगळी फाईल आज्यांनीच भरलेली.

"दिवाळी झाली का आज्या पडते आजारी," मॅडम म्हणाल्या. "आजोबा एकही पडत नाही."

"काहून?"

"थे घ्याले येते ना."

माझे कान तापले. पण मी हार मानली नाही. म्हणालो, "ते राहू द्या. पहिले मले त्या कुलपाच्या खोलीचं सांगा. आन रिकाम्या खाटेचं."

त्यांनी जुडगा काढला आणि चालायला लागल्या. कुलूप उघडलं. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. सात पेट्या. एकीवर नावाशेजारी सूर्यफूल काढलेलं.

"या पोरी कुठं हाय?" मी विचारलं.

"वेचाले गेल्या. कोणी गेल्या साली, कोणी त्याच्या आधी. पंधरा दिवसांसाठी जाते म्हणून पेटी इथंच ठेवते. मंग येतच नाही. मी दोघीतिघींच्या घरी जाऊन आली. एकीचं लग्न झालतं."

"आन खाट?"

"थे निकिताची. याच मोसमात गेली. वैष्णवीच्या बाजूची." त्यांनी एका पेटीवरची धूळ पदरानं पुसली. "आधीच्या पोरींच्या खाटा मी दुसऱ्या पोरींले देऊन टाकल्या. ज्यांच्या दिल्या त्यातली एकही वापस आली नाही. म्हणून ही देत नाही. लोक हसते मले."

मी हसलो नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे.

तेवढ्यात दारात वैष्णवी आली. दोन वेण्या, तेल लावलेल्या. घरी असली की धावत येते आणि माझ्या खिशात हात घालते, कारण तिथं चिक्की असते. आज ती चौकट धरून उभी राहिली. माझ्याकडं बघत होती, पण पुढं येत नव्हती. आम्ही सिनेमा पाहताना अशा दारात उभ्या असलेल्या पोरी पाहिल्या होत्या. त्या ज्याच्याकडं असं बघत, तो कोण असतो हे मला ठाऊक होतं.

"आबाजी, तुमी मले घ्याले आले?"

मी काही बोलेपर्यंत ती म्हणाली, "आजीले काय झालं?"

"काही नाही झालं. तिखट कुटून राह्यली."

"मंग तुमी कायले आले?"

माझा हात आपोआप खिशावर गेला. आत अर्ज होता. तिनं ते पाहिलं. मॅडमनंही पाहिलं, पण त्या पेट्यांकडं वळल्या.

"भूत पाहाले आलतो," मी म्हणालो. "तू खाटेचं सांगतलं ना."

"तुमी बी ना आबाजी! निकिताची खाट हाय थे. मले वाटलं, तुमी बाबाले सांगान का मले बी निकितावानी वेचाले नेऊ नोका म्हणून." मग तिनं माझ्या खिशाकडं पाहिलं. "आज नाही नेत ना?"

"नाही."

तेव्हा ती आली. मी चिक्की दुसऱ्या खिशातून काढून दिली. शांतानं पाठवलेला चिवडा दिला. गार झालेला चहा उभ्यानंच प्यायलो. साखर जास्त होती, बाकी काही नव्हतं. निघताना मॅडमनं अर्ज मागितला नाही. मीही दिला नाही. फाट्यावरून दुपारी चारनंतर परतीची गाडी मिळेलच असं नाही, त्याआधी निघा.

घरी मी एकटाच उतरलेला पाहून दिलीपनं पाण्याचा तांब्या खाली आपटला. "पोट्टी कुठं हाय?"

"शाळेत."

"मंग कापूस कोन वेचन? तुमी?"

"हो."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी कमरेला ओटी, म्हणजे कापूस टाकायची झोळी, बांधली आणि वावरात उतरलो. किडकं बोंड बोटं फाडतं, आणि दिवसभरात माझी ओटी एकदाच भरते. शांता शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, असते आणि ती माझ्या दुप्पट वेचते. तिनं सदरा धुवायला घेतला तेव्हा अर्ज सापडला. मला वाचून दाखवायला लावला.

"अत्यवस्थ म्हंजे?"

"मराले टेकलेली."

"आन असं मले खिशात घालून तुमी ढाणकीपर्यंत फिरवून आनलं?" ती म्हणाली. मग तो कागद तिनं चुलीत घातला. तिसऱ्या दिवशी दिलीपनं माझ्या हातातली ओटी घेतली आणि रिकामी करून परत दिली. तो नवा अर्ज लिहील असा संशय मला आहेच. म्हणून घरातला कोरा कागद मी माझ्या गादीखाली ठेवतो.

प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर माझी आता एक सवय झाली आहे. रविवारी फोन आला की जेवलीस का, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "खाटा किती रिकाम्या?"

"एकच, आबाजी."

"आन तुही खाट?"

"तिच्यावर बसूनच त बोलून राह्यली."