भिडू थांबला आणि मी चार बोललो

ब्रिजच्या सांघिक सामन्यात गेम, म्हणजे मोठी बोली, ओढून बोलावा, हे वरठीच्या आमच्या टेबलवर मीच सगळ्यांना पटवलं होतं. या खेळात तेच पत्ते दुसऱ्या टेबलवरही खेळले जातात आणि दोन्हीकडच्या फरकाचे गुण मिळतात. जोखमीच्या पाळीत, जिथं बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे, चार इस्पिक बोललो, म्हणजे दहा हात करायचं कबूल केलं, आणि ते झाले, तर खाली थांबलेल्या जोडीवर दहा गुण मिळतात. एक हात कमी पडला तर सहा जातात. म्हणजे सोळांत सहा वेळा जमलं तरी नुकसान नाही. गणित खरं आहे. मी ते खोट्या कामाला लावलं.

साकोलीच्या त्या सामन्यात जिंकणारा संघ नागपूरला जाणार होता. माझे भिडू सत्तरीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणतो. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसत होतो. शेवटून दुसऱ्या डावात मी एक इस्पिक बोललो. काकांनी पत्ते मिटले, पुन्हा उघडले, बराच वेळ बघत राहिले आणि दोन इस्पिक बोलले. दोन म्हणजे साधा पाठिंबा. पण थांबून दिलेले दोन म्हणजे मनात तीन होते, हातात जास्त जोर होता, एवढं अकरा वर्षांत मला कळायला लागलं होतं. नियम असा की भिडूच्या थांबण्याचा फायदा घ्यायचा नाही. ते झटकन दोन बोलले असते तर मी पास केलं असतं. माझ्या पत्त्यांचे चौदाच पॉइंट होत होते आणि तेवढ्यावर मी नेहमी पास करतो.

मी चार बोललो. दहा हात झाले.

उजवीकडे साकोलीच्याच एक निवृत्त शिक्षिका होत्या. पत्ते गोळा करताना त्या म्हणाल्या, "भाऊ, राग नका मानू. तुमचे भिडू थांबले म्हणून चार आले का हो?"

"नाही बाई. सोळांत सहा. मी कुठंही चारच बोललो असतो."

त्यांचा भिडू हसला. "काका विचार नाही करत बाई, डुलकी घेतेत."

"तुम्ही म्हणता तर तसंच असेल," बाई मला म्हणाल्या. "हिशोबात तुम्ही कुठं चुकता! पंचाला कशाला बोलवायचं?"

आम्ही सात गुणांनी जिंकलो. दुसऱ्या टेबलवर आमचेच पत्ते घेतलेली त्यांची जोडी दोन इस्पिकवरच थांबली होती, म्हणजे त्या एका डावाचे दहा. ते काढले तर आम्ही तीन गुणांनी हरलो होतो. हे मी सगळ्यांच्या आधी काढलं आणि कोणाला सांगितलं नाही.

परतताना मोटारसायकलवर काका मागून ओरडले, "तुह्या गणितानं नागपूर दाखवलं ना बाप्पा!" तेव्हा मला राहवलं नाही. लाखनीच्या अलीकडे मी सगळं सांगून टाकलं.

"गाडी बाजूले घे."

घेतली.

"मले काहून सांगून राहिला? बाईले सांग. लाव फोन."

"काका, मग आपण तीन गुणांनी हरतो."

"तेवढं मलेही समजते. लाव."

बाईंनी लगेच उचलला. "बोला भाऊ. काही राहिलं का इथं?"

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही बाई. घरी पोहोचलात का, तेवढंच विचारायचं होतं."

"मी साकोलीतच राहते ना भाऊ!" त्या हसल्या. "तुम्ही जपून जा. अन् नागपूरला असंच धीरानं बोला."

मी फोन ठेवला. काका मागे बसले. एरवी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसतात. त्या दिवशी मागची सळई धरून वरठीपर्यंत आले.

नागपूरला मी दुसऱ्या भिडूबरोबर गेलो. काकांनी बाकीच्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. कोणी विचारलं की मीही तेच सांगत होतो.