अप्पांची खुर्ची आणि फणसाचे स्पीकर

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी ग्रंथालयात काम करते. छापलेलंसुद्धा तपासून घ्यायची सवय. म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

स्थळ – माणिकपूर, दुसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट. नव्वदचं दशक संपत आलेलं. रविवार, सकाळचे अकरा, खोलीत लख्ख ऊन.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन महिना झाला होता. त्यांनी स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि कपाटाएवढे विलायती स्पीकर घरात होते. स्पीकर जोखायची त्यांची पद्धत ठरलेली. दोन जोड्या चादरीच्या पडद्यामागे. एकाने मागे बसून आवाज एका जोडीवरून दुसरीवर नेणारा खटका फिरवायचा. अप्पा लाकडी खुर्चीत, डोळे मिटून. बोलायचं नाही. पहिली जोडी आवडली तर खुर्चीच्या हातावर अंगठीने एक टक, दुसरी आवडली तर दोन. आणि कुणी गंमत म्हणून एकच जोडी दोनदा वाजवली तर तीन – म्हणजे, फसवू नका! ते कधी फसले नाहीत.

शेवटच्या वर्षी मी स्वतः एक जोडी बनवली. अप्पांचे मित्र, उमेळ्याचे अंतोनकाका सुतार, यांनी फणसाच्या फळ्या कापून दिल्या. पेट्या तयार झाल्या तोवर अप्पा अंथरुणाला खिळलेले. "बसता आलं की ऐकून सांगतो," म्हणाले. ते राहून गेलं...

आता आई म्हणत होती, एकच जोडी ठेवू, कोणती ते तू ठरव. मला ठरवता येईना. मला माझं मत नको होतं, अप्पांचं हवं होतं.

अंतोनकाका चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून थेट आले. "बाय, तू ऐक, मी पडद्यामागे बसतो."

व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा झाला. मी सतरंजीवर बसले, हात मांडीवर. खुर्ची शेजारी, रिकामी. सारंगीची तबकडी लावली. पहिली जोडी... खटका... दुसरी.

टक. टक.

"दुसरी? अगं, आपला फणस!" काका पडद्यामागून ओरडले.

मी वाजवलंच नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. तिनं माझे हात पाहिले, मग खुर्ची.

"काका, परत," मी कशीबशी म्हणाले. "क्रम बदलायचा तर बदला. मला सांगू नका."

सारंगी... खटका... सारंगी. टक. एकच.

"परत फणस! काय कान आहेत तुझे!"

अंगावर काटा होता, पण भीती? छे! मला हसू आवरेना. आई तर एकदम रडत आणि हसत होती. "आणखी एकदा लावा हो!" तीच म्हणाली.

तिसऱ्यांदा मला दोन्हींत काही फरकच कळेना. खुर्चीही गप्प. वाटलं, संपलं...

टक. टक. टक.

काका चादर सारून बाहेर आले. "बाय, तुला कसं कळलं? खटका फिरवून परत तिथंच आणला मी. एकच जोडी..." मग त्यांना आमची तोंडं दिसली. त्यांनी खुर्चीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाले, "नाय रे बाबा, नाय फसवणार परत."

लाकूड उन्हानं तडकतं, तापलेला अँप्लिफायरही टकटकतो – हे सगळं मी नंतर तपासलं. त्याच जागी कितीतरी रविवार बसले. पुन्हा एक टकही आली नाही. अप्पांची अंगठी तर तेव्हा आईच्या दागिन्यांच्या डब्यात होती.

विलायती जोडी काकांकडे गेली. फणसाची आमच्याकडे आहे. कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. अप्पांनी मात्र ऐकून सांगितलं.