ड्रायव्हरबाई आणि चालत आलेली नदी

ड्रायव्हरबाईंनी आयुष्यभर एकच बस चालवली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. गाड्या बदलल्या, मार्ग मात्र एकच राहिला. स्टेशनपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि टाकीला वळसा घालून परत यायचं. वाटेत इतके स्टॉप की चौथा गिअर टाकायची वेळच येत नसे. कुठल्या वळणावर कुठली म्हातारी हात करते, शाळेसमोरचा खड्डा कुठल्या चाकाला लागतो, सगळं त्यांच्या हातांना पाठ. त्या म्हणायच्या, "मला डुलकी लागली तरी बस बरोबर टाकीला जाऊन उभी राहील. फक्त घंटी मारायला कुणीतरी पाहिजे."

त्यांचे यजमान शिवणकाम करायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, शेजारी कापडाचे तागे, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली बाह्यांविना जाकिटं. मास्तर सकाळी मशीनवर बसले की जेवायलाच उठायचे. बाई दिवसभर फिरून त्याच जागी परत यायच्या आणि मास्तर एका जागी बसून कोसच्या कोस दोरा चालवायचे. प्रवासाच्या बाबतीत दोघांच्याही पाट्या कोऱ्या.

निवृत्ती जवळ आलेली असताना एका दुपारी टाकीपाशी एक अजस्र गाडी येऊन थांबली. ट्रकसारखी उंच, चाकं बाईंच्या छातीला लागतील एवढी, आणि खालपासून वरपर्यंत चिखलाने माखलेली. आतून एक पिकलेलं जोडपं उतरलं, कुठल्या तरी लांबच्या मुलखातलं. भाषा कळेना. त्यातल्या बाईने रिकामा कॅन उलटा करून दाखवला. ड्रायव्हरबाईंनी टाकीचा नळ दाखवला. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि त्या पाहुणीने त्यांना हाताला धरून गाडीत चढवलं.

आत एक घर होतं. पलंग, शेगडी, बशा निसटू नयेत म्हणून फळीला लावलेली दांडी, उशाशी चौकोनी खिडकी. दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला आणि त्यावर पेनने ओढलेली एक रेघ. पाहुणीने रेघेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट डोंगरांवरून गेलं, वाळवंटातून गेलं, नकाशा संपला तरी रेघ संपली नव्हती. ती तशीच दाराच्या पत्र्यावर पुढे गेलेली. ड्रायव्हरबाई आ वासून बघत राहिल्या.

"बाई! बस सोडायचीय की इथेच मुक्काम?" बाहेरून कंडक्टर ओरडला. सगळ्या नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची बस उशिरा सुटली.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "अहो, आपण पण अशी गाडी करू या."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "कसली गाडी?"

"डेपोत एक जुनी अँब्युलन्स मोडीत निघालीय. चारही चाकांना ताकद आहे तिच्या. आत झोपायची सोय करू."

"अगं, घरात पलंग असताना अँब्युलन्समध्ये कोण झोपतं? माणूस त्यात नाइलाज झाला की झोपतो!"

पण बाई हट्टाला पेटल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती अँब्युलन्स घेतलीच. डेपोतला जुना मिस्त्री मदतीला आला. स्ट्रेचरच्या जागी फळ्यांचा पलंग झाला, पलंगाखाली पाण्याची टाकी, मागच्या दाराला उघडमिटीची फळी आणि तिच्यावर शेगडी. वाळूत चाक रुतलं तर खाली सारायला लोखंडी जाळीच्या दोन पट्ट्या टपावर बांधल्या. मास्तर आठवडाभर फुगून बसले होते. मग एक दिवस बाई कुठून तरी ताडपत्री आणून दाराला बांधायला लागल्या, तेव्हा त्यांना राहवेना.

"ही काय बांधणी झाली? वारा आला की पतंग होईल याचा. सरक बाजूला."

त्यांनी जाड कॅनव्हास आणला, दुहेरी शिवण घातली, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावले आणि गाडीच्या बाजूला असा मांडव काढला की मिस्त्रीही बोट लावून बघत राहिला. शेवटचा टाका घातल्यावर मास्तर म्हणाले, "आता शिवलाच आहे तर वाऱ्यात टिकतो का ते बघायला मलाच यावं लागणार. पण मला गाडी लागली तर हसायचं नाही."

"मी कशाला हसू? पिशव्या घेतल्यात मी."

लेकीने फोनवर डोक्याला हात लावला. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि तिथून तिचं उंटावरून शेळ्या हाकणं अखंड चालू असायचं. आई, औषधं घेतलीस का. बाबा, अनोळखी माणसाला दार उघडू नका. "अगं, जिथे चाललोय तिथे माणूसच नाही," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याने घाबरले.

निघाले. घाट लागले, घाटात मास्तरांना गाडी लागली, बाई हसल्या नाहीत. घाटापलीकडे झाडं विरळ होत गेली, गावं लांबलांब पडत गेली. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसती चाकोरी उरली आणि एका दुपारी तीही पुसली गेली. समोर करड्या मातीचं एक सपाट मैदान होतं. इतकं सपाट आणि इतकं मोठं की पलीकडची कड दिसण्याआधीच नजर दमून जायची.

बाईंनी गाडी थांबवली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"रस्ता नाही."

"मग परत फिरायचं?"

"तसं नव्हे हो. रस्ता नाही म्हणजे... कुठेही जाता येतं." त्यांनी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. सगळं आयुष्य त्यांच्या हातांना कुणीतरी आखून दिलेलं वळण घ्यायची सवय. इथे पुढे गेलं तरी चालणार होतं, तिरकं गेलं तरी कुणी हॉर्न मारणार नव्हतं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि भर मैदानात एक भलामोठा गोल मारला. धुळीचा लोट उठला. मास्तर दाराची कडी घट्ट धरून ओरडले, "अगं, वेड लागलं का तुला?" आणि लगेच, जरा हळू आवाजात, "परत एकदा मार."

मैदानाच्या टोकाला एक नदी होती. नदी कसली, नदीची जागा. रुंद पात्र, कोरडीठाक मऊ वाळू, काठाच्या उतारावर खुरटी झुडपं. वाळूत चाक रुतू नये म्हणून बाईंनी टायरांची हवा कमी केली आणि गाडी पात्रात घातली. वाळू इतकी सपाट होती की त्यांना तिथेच मुक्काम करायचा मोह झाला. वाऱ्याचा आडोसा, पाठ टेकायला गादीसारखी जमीन. त्यांनी शेगडी बाहेर काढलीही.

मास्तर मात्र मांडवाचे खुंट हातात घेऊन झुडपांकडे बघत उभे होते.

"इकडे ये जरा. हे गवत बघ."

झुडपांच्या फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या, चिंध्या अडकल्या होत्या. या झुडपात, त्या झुडपात, पलीकडच्या काठावरही. आणि सगळीकडे एकाच उंचीवर, मास्तरांच्या डोक्याच्याही वर.

"कापडावर खडूने रेघ मारावी तशी मारलीय कुणीतरी," मास्तर म्हणाले. "एवढी सरळ रेघ पाण्याशिवाय कोण मारणार?"

बाईंनी वर बघितलं. आभाळ स्वच्छ. ढगाचा मागमूस नव्हता. तरी त्यांनी शेगडी उचलली, गाडी चालू केली आणि घरघरत, घसरत ती पलीकडच्या उंच काठावर चढवली. तिथे वारा होता, जमीन टणक होती, खुंट ठोकताना मास्तरांचे हात सोलून निघाले. पण मांडव टिकला.

सकाळी उन्हं वर आल्यावर दोघं चहा पीत बसले होते. बाईंना पायांच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं. बस लांबून येताना स्टॉपच्या फरशीवर जाणवतं तसं. त्यांनी कप खाली ठेवला. कपातल्या चहावर बारीक तरंग उठत होते.

"अहो, काहीतरी येतंय."

पात्राच्या वरच्या वळणावर एक तपकिरी पट्टी दिसली. आधी वाटलं, मेंढ्यांचा कळप असावा. ती पट्टी माणसाच्या चालीने येत होती. पुढे पिवळट फेस, फेसावर काटक्या, पानं, मागे एक अख्खं झाडाचं खोड. वाळूतला खड्डा आला की ती थांबायची, खड्डा पिऊन टाकायची आणि पुन्हा निघायची. तिच्यापुढे किडे, सरडे, एक ससा जीव मुठीत धरून पळत होते आणि डोक्यावर कुठून आले कोण जाणे, पक्षी घिरट्या घालत होते. कुठल्या तरी न दिसणाऱ्या डोंगरांत पाऊस पडून गेला असावा आणि तिथून निघालेली नदी आता पोचत होती. स्वच्छ उन्हात, चालत.

पहिलं पाणी त्यांच्या काठाखालून गेलं तेव्हा घोट्याएवढंच होतं. त्यामागून खरी नदी आली. बघता बघता पात्र भरलं. पाण्याखाली दगडधोंडे एकमेकांवर आपटत होते, त्याचा आवाज कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येत होता. काल जिथे शेगडी मांडली होती तिथून ते खोड गरगरत गेलं. पाणी झुडपांवर चढलं, गवताच्या रेघेच्या जरासं खाली येऊन थबकलं.

मास्तरांनी बाईंचा हात धरला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात उघड्यावर कधी धरला नव्हता. दोघांनाही भीती वाटत होती का? वाटतच होती. पण पाय निघत नव्हता. मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "आणि आपण म्हणायचो, नदी तिथेच असते."

परतीची वाट पाण्यापलीकडे राहिली. फोनला रेंज नाही. पलीकडच्या काठावर एक मेंढपाळीण आली, तिने खूप ओरडून काहीतरी सांगितलं, ते पाण्याच्या आवाजात बुडालं. मग तिने तळहात जमिनीकडे दाबून दाखवला: बसून राहा. ते बसून राहिले. बटाटे होते, अंडी होती, पाव वाळून लाकूड झाला होता, तो चहात बुडवून खाल्ला.

आणि त्या दिवसांत जे झालं ते बघायला दुसरा कुणी साक्षीदार नव्हता. नदीचं पाणी खालच्या अंगाला करड्या मैदानावर पसरलं आणि मैदानाचा आरसा झाला. आभाळ खालीही आणि वरही. कालपर्यंत दगडासारख्या असलेल्या मातीतून बेडूक वर आले, अंगठ्याएवढे, आणि असे ओरडायला लागले की एकमेकांशी बोलायलाही कानाशी जावं लागे. मग एका पहाटे पक्षी उतरले, थव्यामागून थवे. लांब पायांचे, पांढरे. त्यांना इतक्या लांब कुणी निरोप दिला, ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तर, ज्यांना घरात मशीनचा आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं, ते मांडवाखाली तासन्‌तास बसून राहायचे. बाई त्यांना चहा नेऊन द्यायच्या आणि तो तसाच गार व्हायचा.

पाणी मांडीपर्यंत उतरल्यावर मास्तरांनी पॅन्ट दुमडली.

"मी पुढे चालतो. काठी टेकून बघतो. माझ्या मागोमाग आण."

"अहो, तुम्ही? तुम्हाला पोहता येत नाही!"

"चालता येतं ना? नाकासमोर चालत जगलो, तसाच चालेन."

बाईंनी त्यांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बंपरला. मास्तर पाण्यात उतरले. काठी रोवत, पाय चाचपत, थांबत. त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्याच चालीने, बाईंनी गाडी आणली. मध्यावर मागचं चाक रुतलं. मास्तर मागे फिरले, टपावरच्या लोखंडी पट्ट्या काढल्या, पाण्यात बुडी मारून चाकाखाली सारल्या आणि नाकातोंडातून पाणी काढत ओरडले, "दे आता!" गाडी गुरगुरली, उडी मारल्यासारखी पुढे आली आणि काठावर चढली. मेंढपाळीण टाळ्या वाजवत होती. मास्तर वाळूवर उताणे पडून इतके हसत होते की बाईंना आधी वाटलं, रडतायत.

घरी आल्यावर, काळजीने धावत आलेली लेक दोन दिवस रागाने बोलली नाही. मग तिने विचारलं, "काय बघितलंत एवढं?" मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, हात पसरले, पुन्हा मिटले. "तू चल," म्हणाले. ती गेली. पुढे तिची मुलं गेली. मास्तर अजूनही जाकिटं शिवतात, पण वर्षातून दोनदा मशीनवर कापड टाकून दाराला कुलूप लागतं.

गेल्या खेपेला त्यांनी शेजारच्या काकूंना नेलं. या काकू झोपेतही बोलतात अशी ख्याती. घाटभर त्यांची टकळी चालू होती. मैदान आलं. पाऊस झालेला नव्हता. पाणी नाही, पक्षी नाही, नुसती करडी माती क्षितिजापर्यंत. काकू गाडीतून उतरल्या आणि गप्प झाल्या. चपला काढून थोडं चालत गेल्या, उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने परत येऊन त्यांनी अगदी हळू विचारलं, "एवढं सगळं मोकळं कुणी ठेवलंय हो?"

ड्रायव्हरबाईंनी काकूंना गाडीच्या सावलीत बसवलं आणि मास्तर मांडवाचे खुंट ठोकायला लागले.