थांबा मॅडम आणि दिघोरीचा काढा

आमच्या साकोलीच्या फार्मसी कॉलेजात आनंदाची बातमी आली की सगळ्यात आधी चेहरा उतरायचा तो थांबा मॅडमचा. कोणाचा प्रयोग जमला की यांचं ठरलेलं, "थांबा!" नाव पोरांनी पाडलं, आम्ही सहकाऱ्यांनीही तेच चालवलं.

मॅडम मूळच्या दिघोरीच्या. धानाची रोवणी आटोपली की तिथल्या बायकांचे गुडघे सुजतात. मग एका रानवेलीच्या मुळीचा काढा चार-दोन दिवस प्यायचा, ही तिथली रीत. वेलीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की आपले लोक लगेच काढ्यासाठी गंज-पातेलं चुलीवर चढवतात. मॅडमची आईही तो प्यायची, म्हणून त्यांनी त्याच मुळीचा अर्क तपासायला घेतला. उंदराच्या पंजावर मुद्दाम आणलेली सूज मोजण्याआधी त्या त्याची पाठ कुरवाळत बसायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "त्याचं दुखून राहिलं सर, तुमाले कायची घाई?"

सूज खरंच उतरली. प्राचार्य पेढे आणायला निघाले. मॅडम म्हणाल्या, "थांबा. रोज पाजून पाहू. जिवाले झेपते का, ते कुठं कळलं?" पण बातमी दिघोरीला पोचली होती. आळीतल्या बायकांनी धरून घेतलं की आपल्या लेकीनं काढा पास केला. मग रोवणीपुरताच कशाला? रोजच सुरू झाला.

इकडे रोज अर्क दिलेल्या उंदरांची यकृतं खराब निघाली. मॅडम जेवणाचा डबा तसाच टाकून बसस्टँडवर गेल्या. मीही सोबत दिघोरीला गेलो. काढा बंद करा, असं घरोघरी सांगून त्यांचा घसा बसला. शेवटी आईसमोर बसल्या. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकलं.

"बरं, नाई पेत. मंग दुखलं त काय घेऊ?"

दवाखान्याच्या गोळ्या तिला सोसत नव्हत्या. परतीच्या बसमध्ये आला इतका थकवा मला कधी आला नव्हता.

लेकीच्या शब्दाखातर म्हातारीनं काढा सोडला. पुढच्या रोवणीला ती बांधापर्यंत जाऊ शकली नाही, आणि मग खाटेवरून उठलीच नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. मी भेटायला गेलो तेव्हा मॅडम ओसरीत एकट्याच बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो. त्या म्हणाल्या,

"सर, मायचं लिव्हर शेवटपर्यंत चांगलं होतं म्हणे. डॉक्टरच सांगत होते."